रिकवूडची उजवी बाजू

बेसबॉल या खेळाशी माझा काडीचाही संबंध नाही, हे आधीच सांगून टाकतो. माझं बालपण सोलापुरात गिरणीच्या भोंग्यावर गेलं. आमचे खेळ म्हणजे विटीदांडू, गोट्या आणि थोडं मोठं झाल्यावर टेनिसच्या चेंडूवरचं क्रिकेट. बेसबॉल म्हणजे इंग्रजी सिनेमात दिसणारा, डोक्यावरून जाणारा प्रकार, एवढीच माझी समजूत होती. आज मात्र मी तुम्हाला बेसबॉलच्या एका मैदानाचीच गोष्ट सांगणार आहे.

२०२४ च्या जूनमध्ये मी अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात, बर्मिंगहॅम शहरी भाचीकडे गेलो होतो. १६ जूनला बकरी ईद तिच्या घरी झाली. दोन दिवसांनी, मंगळवारी, ती म्हणाली, "मामू, संध्याकाळी मॅच बघायला जायचं. तिकिटं काढलीयत. आता नाही म्हणायचं नाही."

"मला त्यातलं काय कळतंय?"

"नाही कळलं तर शेंगा खा. मैदान तर बघाल! अमेरिकेतलं सगळ्यात जुनं मैदान आहे ते."

शेंगांचं नाव काढल्यावर सोलापूरकर नाही म्हणत नाही. निघालो.

वाटेत भाचजावयांनी माझी शिकवणी घेतली. अमेरिकेत बेसबॉलचे तीस संघ सगळ्यात वरचे, त्यांची ती मेजर लीग. त्यांच्या खाली उतरंड लावावी तशी मायनर लीग, चार पायऱ्यांची, एकशेवीस संघांची. खालचा प्रत्येक संघ वरच्या कुठल्यातरी संघाला जोडलेला. पोरं खालून सुरुवात करतात, एकेक पायरी चढतात. बहुतेक मधेच गळतात. बर्मिंगहॅम बॅरन्स हा वरून दुसऱ्या पायरीवरचा संघ, शिकागो व्हाइट सॉक्सला जोडलेला. मायनर म्हणजे दुय्यम खरं, पण हलकं नव्हे. आपल्याकडे रणजीचा सामना बघणारे दर्दी असतात, तसे इथेही आहेत. या पोरांना मिळायचं मात्र फार थोडं. या पायरीवरचा किमान पगार वर्षाला १३,८०० डॉलर होता. २०२२ मध्ये त्यांची संघटना झाली आणि २०२३ च्या करारात तो ३०,२५० वर गेला. गिरणी कामगाराच्या पोराला हा आकडा ऐकताना लगेच कळतं की कुणीतरी भांडलेलं आहे.

समोरचा संघ शेजारच्या माँटगोमेरी शहराचा होता. त्याचं नाव बिस्किट्स! मी हसलो. पण तिकडचं बिस्किट म्हणजे आपलं चहात बुडवायचं बिस्किट नव्हे, तो मऊ, पापुद्र्यांचा छोटा पाव. माँटगोमेरी हे नाव मात्र मला अगदी अनोळखी नव्हतं. १९५५ साली रोझा पार्क्स या बाईंनी बसमधली आपली जागा गोऱ्या माणसासाठी सोडायला नकार दिला, ते शहर हेच. कुणी कुठे बसायचं, या प्रश्नाचा तिथून उठलेला आवाज जगभर गेला. त्या संध्याकाळी हा प्रश्न मला पुन्हा भेटणार होता.

रिकवूड फील्ड हे मैदान शहराच्या पश्चिम भागात, साध्या वस्तीत आहे. भोवती झाडं, जुनी बैठी घरं. आत गेल्यावर पहिल्यांदा जाणवतं ते लोखंड. तुळया, खांब, छताचे सांगाडे. १९३६ साली बसवलेले दिव्यांचे मनोरे छतावरून मैदानाच्या बाजूला असे झुकलेत, की म्हातारी माणसं कठड्यावरून वाकून खाली बघतायत असं वाटावं. पलीकडे हिरवंगार गवत आणि लालसर माती. लांबच्या जुन्या भिंतीवर एक पांढरी फुली आहे. १९४८ साली वॉल्ट ड्रोपो नावाच्या खेळाडूचा फटका तिथे आदळला होता, ४६७ फुटांवर. फुली अजून राखलेली आहे. मला ही माणसं आवडली. आपल्याकडे कुणी इतकी काळजी घेतली असती, तर कितीतरी भिंती वाचल्या असत्या.

बर्मिंगहॅम हे शहर १८७१ साली वसवलं गेलं, म्हणजे अमेरिकेतली गुलामगिरी कायद्याने संपल्यानंतर सहा वर्षांनी. तिथे लोहखनिज, कोळसा आणि चुनखडी हे तिन्ही जवळजवळ सापडलं. पोलाद करायला आणखी काय लागतं? भट्ट्या उभ्या राहिल्या आणि शहर इतक्या झपाट्याने वाढलं, की त्याला 'जादूची नगरी' म्हणू लागले. जादूचा अर्धा भाग घामाचा होता. कापसाच्या शेतांवरून आलेले काळे मजूर खाणींत आणि भट्ट्यांवर राबत होते. कैदी खाणमालकांना भाड्याने देण्याची पद्धत अलाबामात थेट १९२८ पर्यंत चालली. या कैद्यांत बहुसंख्य काळे असत.

लोखंडाच्या अशाच एका घराण्यातला तरुण वारस रिक वुडवर्ड. त्याला बेसबॉलचं वेड. त्याने शहराचा संघ विकत घेतला आणि संघासाठी काँक्रीट-पोलादाचं मैदान बांधलं. फिलाडेल्फियाचं शाइब पार्क तेव्हा नवं होतं, ते डोळ्यांसमोर ठेवून. त्याच्या नावातूनच रिकवूड हे नाव झालं. १८ ऑगस्ट १९१० रोजी पहिला सामना झाला. दुकानं बंद ठेवून शहर लोटलं होतं, दहा हजारांच्या वर माणूस. बॅरन्सनी तो सामना ३-२ असा जिंकला. समोरचा संघ कुठला होता? माँटगोमेरीचाच. म्हणजे आम्ही बघत होतो ती जोडी एकशेचौदा वर्षांपूर्वीची होती.

आमच्या शेजारी ऐंशीच्या घरातले एक काळे गृहस्थ बसले होते. पांढरा सदरा, डोक्यावर हॅट. मी शेंगांची पुडी पुढे केली. त्यांनी चार शेंगा घेतल्या, टरफलं पायाशी टाकली आणि मलाही तसंच टाकायची खूण केली. तिथली रीतच ती. मी पाहुणा आहे, पहिल्यांदाच सामना बघतोय, असं भाचीने सांगितल्यावर त्यांनी नियमांबद्दल एक शब्दही काढला नाही. त्यांनी नुसतं उजवीकडे, लांब, छत जिथे संपतं त्याच्याही पलीकडे बोट केलं आणि म्हणाले, "आमचं बसणं तिथे होतं."

सांगण्यासारखं ते एवढंच, या सुरात.

बॅरन्स हा गोऱ्यांचा संघ होता. त्यांचा सामना असला की काळ्या प्रेक्षकांनी उजव्या टोकाच्या बाकांवर बसायचं, उन्हात. छत गोऱ्यांसाठी. तिकीट दोघांनी काढायचं, खेळ दोघांनी बघायचा, पण मधे मोकळी जागा. मात्र याच मैदानावर दुसरा संघही खेळत असे. बॅरन्स परगावी गेले की मैदान भाड्याने घेऊन तो उतरायचा. त्याचं नाव बर्मिंगहॅम ब्लॅक बॅरन्स. सुरुवात १९२० ची. काळ्या खेळाडूंच्या व्यावसायिक संघांच्या ज्या लीग होत्या त्यांना तेव्हा निग्रो लीग म्हणत. तो शब्द आता कुणी वापरत नाही, पण इतिहासातलं नाव तेच आहे.

हे खेळाडू आले कुठून? कारखान्यांतून. पाइपच्या कारखान्याचा संघ, पोलादाच्या कारखान्याचा संघ, असे त्यांचे आपापसांत सामने होत. हे ऐकताना मला घरच्यासारखं वाटलं. कामगारांच्या वस्तीत खेळ जसा रुजतो, तसा तो शिकवून रुजत नाही. पाळी सुटली की अंगावरची काजळी न धुताच माणसं मैदानावर येतात, पोरं बघत बघत शिकतात. ब्लॅक बॅरन्सच्या सामन्यांचा खास दिवस रविवार. चर्चमधली प्रार्थना आटोपून लोक ठेवणीतले कपडे, बायका हॅटा घालून, थेट रिकवूडवर येत. त्या दिवशी छत त्यांचं असे. सॅचेल पेज हा गोलंदाज, म्हणजे बेसबॉलच्या भाषेत पिचर, १९२७ ते १९३० मध्ये या संघाकडून खेळला. त्याला मेजर लीगमध्ये प्रवेश मिळाला १९४८ साली, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी. हातातलं उत्तम ते त्याने कुठे खर्च केलं, याचा हिशेब तुम्हीच करा.

आणि त्याच १९४८ मध्ये ब्लॅक बॅरन्सच्या संघात सतरा वर्षांचा एक शाळकरी मुलगा आला. विली मेज. जवळच्याच वेस्टफील्ड वस्तीत जन्मलेला. वडील पोलादाच्या कारखान्यात कामाला आणि कारखान्याच्या संघात खेळणारे. संघाचा व्यवस्थापक पायपर डेव्हिस हा वडिलांच्या ओळखीचा. शाळा चालू असेपर्यंत मेज सुट्टीच्या दिवशीच खेळायचा. त्या वर्षी ब्लॅक बॅरन्स अंतिम मालिकेत होमस्टेड ग्रेज संघाशी हरले, पण एक सामना जिंकले. तो रिकवूडवर. शेवटच्या डावात मेजने चेंडू पिचरजवळून सरळ पलीकडे काढला आणि त्या फटक्यावर बिल ग्रीसन धावत घरी आला. ग्रीसनचं नाव लक्षात ठेवा.

आता यातली गंमत बघा. गंमत म्हणायची की काय, मला ठरवता येत नाही. त्या काळात गोरे बॅरन्स हे बॉस्टन रेड सॉक्स या बड्या संघाला जोडलेले होते. म्हणजे रेड सॉक्सच्या माणसांचा या मैदानावर राबता होता. त्याच गवतावर, एकाआड एक आठवड्यांनी, विली मेज खेळत होता. पण त्यांनी त्याला घेतलं नाही. जॅकी रॉबिन्सन १९४७ मध्ये ब्रुकलिनकडून खेळला होता, दार उघडलेलं होतं. तरीही रेड सॉक्सच्या मेजर लीग संघात पहिला काळा खेळाडू उतरला तो १९५९ साली, सगळ्या संघांच्या शेवटी. मेजला १९५० मध्ये न्यूयॉर्क जायंट्सनी घेतलं आणि मायनर लीगमध्ये ट्रेंटनला धाडलं. त्या संपूर्ण लीगमधला पहिला काळा खेळाडू तो. मेरीलँडमधल्या हेगर्सटाउनच्या पहिल्याच सामन्यात प्रेक्षकांच्या शिव्या आणि रात्री राहायला संघापासून वेगळी जागा. पुढच्या मे महिन्यात तो मेजर लीगमध्ये होता. पुढे ६६० होम रन. होम रन म्हणजे चेंडू थेट कुंपणापार, आपल्या षटकारासारखा. हा खेळ सर्वांगाने त्याच्याइतका चांगला कुणी खेळला का, यावर अमेरिकेत अजून वाद घालतात.

मी आकाशवाणीवरून बोलतो आहे, म्हणून आता एका रेडिओवाल्याची गोष्ट सांगायला हवी.

१९२०-३० च्या दशकांत बॅरन्सच्या सामन्यांचं रेडिओवर वर्णन करणारा एक माणूस बर्मिंगहॅममध्ये फार लोकप्रिय होता. यूजीन कॉनर. परगावच्या सामन्याला तो जातही नसे. तारेने त्रोटक मजकूर यायचा, अमका बाद, तमका दुसऱ्या ठाण्यावर. त्या दोन शब्दांवरून कॉनर समोर बघितल्यासारखं चित्र उभं करायचा. तार थांबली की गप्पा हाणून वेळ मारून न्यायचा. आवाज दणदणीत, वळूसारखा. लोक त्याला 'बुल' कॉनर म्हणायला लागले. अनोळखी माणसाच्या घरात आपला आवाज रोज जातो आणि तिथलाच होऊन राहतो, ही रेडिओची किमया आम्ही माइकसमोर बसणारे जाणतो. कॉनरचा आवाज गोऱ्यांच्या घरांत गेला, तसा काळ्या वस्त्यांतही जात असणार, कारण बॅरन्सचे सामने तेही ऐकत होते. आवाजाला छताची अन् उन्हाची बाजू नसते.

त्या आवाजावर कॉनर १९३४ साली विधिमंडळात निवडून गेला आणि १९३७ मध्ये शहराच्या पोलीस-अग्निशमन खात्याचा प्रमुख झाला. पुढच्याच वर्षी शहराच्या सभागृहात एक परिषद भरली. गोऱ्या-काळ्यांनी वेगवेगळ्या बाजूला बसलं पाहिजे, असं कॉनरने फर्मावलं. राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलेनॉर रुझवेल्ट आल्या होत्या. त्यांनी आपली खुर्ची दोन्ही बाजूंच्या मधल्या वाटेत ठेवली.

हाच तो कॉनर. १९६३ च्या मे महिन्यात बर्मिंगहॅमच्या रस्त्यांवर मोर्चाने निघालेल्या शाळकरी मुलांवर ज्याने पोलिसांचे कुत्रे सोडले आणि अग्निशमनाच्या पाण्याचे झोत मारले, तो. त्या छायाचित्रांनी जग हादरलं, हे आपल्याला माहीत असतं. पण त्याची सत्ता बेसबॉलच्या धावत्या वर्णनातून उगवली, हे मला त्या संध्याकाळी कळलं आणि माझ्या हातातल्या शेंगा तशाच राहिल्या.

मला अब्बांची आठवण आली. त्यांच्या लहानपणी मुंबईचे पंचरंगी सामने होते. हिंदू, मुसलमान, पारशी, युरोपियन आणि इतर, असे धर्मावर बेतलेले क्रिकेट संघ. १९३४ च्या सामन्यात, संघ चार असताना, बॉबी तल्यारखान यांनी केलेलं रेडिओवरचं वर्णन दंतकथा झालेलं. १९४४-४५ चा अंतिम सामना मुस्लिम संघाने हिंदू संघाविरुद्ध एका गड्याने जिंकला, इब्राहिम नाबाद १३७. अब्बा तो रंगवून सांगत. ते सामने पुढच्याच हंगामानंतर कायमचे बंद झाले. बंद झाले ते फार बरं झालं, असं अब्बा म्हणत, आणि मग तोच सामना पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागत.

बर्मिंगहॅमचा कायदा याहून फार कडक होता. काळ्या आणि गोऱ्या माणसाने एकत्र पत्ते, फासे, डॉमिनो किंवा चेकर्स, म्हणजे पटावरच्या सोंगट्या, खेळणं हा तिथे गुन्हा होता. १९५० साली त्यात बेसबॉल, फुटबॉल, बास्केटबॉलही घातले. सोंगट्यांत काय धोका असतो, असं वाटेल. पण कायदा करणाऱ्यांना कळत होतं. पटासमोर बसलं की समोरच्याचा डाव आल्यावर गप्प बसून वाट बघावी लागते. त्याचं डोकं आपल्याइतकंच चालतं, हे मान्य करावं लागतं.

१९५४ च्या सुरुवातीला हा नियम थोडा सैल केला आणि त्या वसंतात रिकवूडवर काळे-गोरे खेळाडू एकत्र असलेले प्रदर्शनी सामने झाले. आभाळ कोसळलं नाही. पण जूनमध्ये मतदान घेतलं गेलं आणि नागरिकांनी, म्हणजे ज्यांना मत देऊ दिलं जात होतं त्यांनी, तिपटीच्या बहुमताने बंदी परत आणली. बॅरन्स ज्या लीगमध्ये खेळत त्या सदर्न असोसिएशनमध्ये सबंध इतिहासात एकच काळा खेळाडू उतरला. अटलांटाचा नॅट पीपल्स, १९५४ मध्ये, दोन सामने. अखेर काळ्या खेळाडूंना घेण्यापेक्षा ती लीगच १९६१ नंतर मोडली. त्याच सुमारास न्यायालयाने शहरातली उद्यानं सर्वांना खुली करा म्हटल्यावर शहराने उद्यानंच बंद करून टाकली. रिकवूडवर १९६२ आणि १९६३ ही दोन वर्षं बॅरन्स नव्हते.

१५ सप्टेंबर १९६३ च्या रविवारी सोळाव्या रस्त्यावरच्या बाप्टिस्ट चर्चमध्ये बॉम्ब फुटला आणि चार मुली गेल्या. त्यानंतर सातच महिन्यांनी, एप्रिल १९६४ मध्ये, बॅरन्स परत आले. या वेळी संघात काळे आणि गोरे दोघेही होते. ते आता ज्या मेजर लीग संघाला जोडलेले होते, त्याचा मालक चार्ली फिन्ली, जन्माने याच शहरातला. तो विक्षिप्त म्हणून प्रसिद्ध होता, पण त्या वर्षीचा त्याचा हट्ट योग्य होता. बाकांची विभागणीही गेली. नागरी हक्कांचा कायदा त्यानंतर जुलैत झाला. रिकवूड त्याच्या आधी तिथवर पोचलं होतं.

इथपर्यंतची गोष्ट सरळ आहे, सांगायलाही बरी वाटते. पण मी शेजारच्या गृहस्थांना विचारलं, "मग ब्लॅक बॅरन्सचं काय झालं?"

ते म्हणाले, "संपले." आणि पुढे, "तो आमचा रविवार होता."

दारं उघडली तशी चांगली पोरं वर निघून गेली, त्यांच्यामागोमाग प्रेक्षकही गेले. साठीच्या दशकाच्या सुरुवातीला निग्रो लीग उरली नाही. तिच्याबरोबर तिचे व्यवस्थापक, तिचे पंच, तिचे मालक गेले. कारण मोठ्या घराने खेळाडू घेतले, बाकीच्यांना नाही. पायपर डेव्हिसला रेड सॉक्सनी १९५० मध्ये घेतलं आणि काही आठवड्यांतच सोडून दिलं. विली मेज ज्याच्या हाताखाली घडला, तो हा माणूस.

मी यावर बराच विचार केला, कारण हा प्रश्न मला अगदीच परका नाही. १९९० साली आमच्या सोलापुरात पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं. मी तेव्हा नुकताच कविता लिहू लागलेला पदवीधर. सतरंज्या अंथरायला पुढे होतो. वेगळं कशाला, मराठी ती मराठी, असं अनेकांनी विचारलं. आजही विचारतात आणि विचारणाऱ्यांत माझे जिवलग मित्र आहेत. आम्हाला कुणी कायद्याने उन्हात बसवलेलं नव्हतं, ती तुलना मी करणार नाही. पण "तुम्ही मराठी किती छान बोलता!" असं कौतुक ज्याला स्वतःच्याच गावात ऐकावं लागतं, त्याला त्या दोन दिवसांत पहिल्यांदा कुणी ते म्हणालं नाही. तिथे मी फक्त कवी होतो, बराही नव्हतो. वेगळं घर कायम राहावं, असं मला वाटत नाही. ते मोडताना त्यातली भांडी कुणी मोजली का, एवढंच विचारावंसं वाटतं.

इकडे सामना चालू होता. दोन्ही संघांनी जुन्या निग्रो लीगच्या धर्तीचे गणवेश घातले होते. दोनच दिवसांनी इथे मेजर लीगचा सामना व्हायचा होता, अलाबामा राज्यातला पहिला, मेज आणि निग्रो लीगच्या सन्मानार्थ. मेज स्वतः येतील असं आधी वाटत होतं. पण आदल्याच दिवशी त्यांनी कळवलं होतं की प्रवास जमणार नाही, घरूनच बघेन. वय त्र्याण्णव.

मधेच मी पाय मोकळे करायला उठलो आणि उजव्या बाजूला, छत संपतं तिथवर चालत गेलो. तिथून फलंदाज बोटाएवढा दिसतो. एक गोष्ट मात्र मी तिथेच शिकलो. तिथे फटका आधी दिसतो आणि आवाज मागून येतो. आधी बॅट फिरते, मग क्षणभराने 'टक्'. वर्षानुवर्षं त्या बाजूला बसलेल्या माणसांनी हा खेळ असाच, थोडा उशिरा ऐकलेला.

परत येऊन बसलो आणि थोड्या वेळाने खेळ थांबला. ध्वनिक्षेपकावरून एक आवाज आला. मला इंग्रजीचे उच्चार पटकन कळत नाहीत, पण 'विली मेज' हे दोन शब्द कळले आणि भाचीने माझा हात धरला. त्या दुपारी कॅलिफोर्नियात मेज गेले होते.

सगळे उभे राहिले. आधी शांतता. बाहेरच्या वस्तीतला कुत्रा भुंकलेला ऐकू येत होता. मग टाळ्या सुरू झाल्या आणि थांबेनात. माझ्या ओठांवर आपसूक 'इन्ना लिल्लाहि' आलं. शेजारचे गृहस्थ हॅट छातीशी धरून उभे होते. छताखाली. मैदानातली ती वीस-बावीस वर्षांची पोरं, काळी, गोरी, स्पॅनिश बोलणारी, टोप्या काढून उभी होती. मग पिचरने टोपी घातली, पायाने माती सारखी केली आणि सामना पुढे सुरू झाला.

गुरुवारचा मोठा सामना आम्ही घरी दूरदर्शन संचावर पाहिला. सगळे पंच काळे होते, मेजर लीगच्या इतिहासात पहिल्यांदाच. १९६७ मध्ये इथे खेळलेला नामवंत खेळाडू रेगी जॅक्सन निवेदकांशी बोलला. त्याला गोड आठवणी सांगायच्या नव्हत्या. कुठल्या हॉटेलात जेवू दिलं नाही, कुठे झोपू दिलं नाही, आणि कोणते गोरे सहकारी त्याच्या बाजूने उभे राहिले, ते त्याने सरळ सांगितलं. स्टुडिओतले लोक गप्प झाले.

त्याआधी, पहिला मानाचा चेंडू टाकायला एक वयोवृद्ध गृहस्थ मैदानात आले होते. वय नव्व्याण्णव. बिल ग्रीसन. १९४८ मध्ये मेजच्या फटक्यावर धावत घरी आलेले तेच. पुढे सेंट लुईसचे पहिले काळे पिचर झालेले आणि नंतर याच शहरात पाद्री म्हणून आयुष्य घालवलेले. त्यांनी चेंडू टाकला.

भाचजावई मोबाइलवर आकडे बघत होते. मेज जाण्याच्या तीन आठवडे आधी, मेच्या अखेरीस, मेजर लीगने निग्रो लीगच्या नोंदी आपल्या अधिकृत हिशेबात धरल्या होत्या. ते म्हणाले, "मामूजान, हे बघा. मेजचे यशस्वी फटके कालपरवापर्यंत ३,२८३ होते. आता ३,२९३ झाले."

"वरचे दहा कुठले?"

"अठ्ठेचाळीस सालचे. ब्लॅक बॅरन्सकडून मारलेले."

मी त्यांच्याकडून मोबाइल घेतला आणि तो आकडा पुन्हा एकदा वाचला.